प्रतिभाताईंना 'लॉटरी' लागली म्हणे!

आज जळगावात एका लग्नाच्या पंगतीत माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांचा विषय निघाला. शेजारचे गृहस्थ बट्टी चुरता चुरता म्हणाले, "प्रतिभाताईंचं काय, दिल्लीची मर्जी बसली, लॉटरी लागली." चार जण हसले. माझ्या घशाखाली घास उतरेना. लग्नघरी वाद नको म्हणून गप्प उठलो. इथे मात्र बोलणार.

अहो, साल १९६२! २७ वर्षांची, लग्न न झालेली, जळगावच्या कोर्टात वकिली करणारी मुलगी आमदारकीला उभी राहते आणि निवडून येते. माझ्या आजीचं मत त्यात होतं. शिक्का कुठे मारायचा ते आजोबांनी घरूनच बजावलेलं. आजीने मारला बैलजोडीवर, म्हणजे प्रतिभाताईंच्या काँग्रेसच्या तेव्हाच्या चिन्हावर! आणि हे घरात सांगितलं कधी, तर आजोबा गेल्यावर.

पुढे एडलाबाद, म्हणजे आजचं मुक्ताईनगर. ६७, ७२, ७८, ८०, चारही वेळा तिथून. लॉटरी अशी पाच-पाच वेळा लागते का हो? वसंतराव नाईकांच्या काळात उपमंत्री, मग कॅबिनेट मंत्री. १९७९ मध्ये पुलोदचं, म्हणजे शरद पवारांच्या आघाडीचं सरकार असताना विधानसभेत विरोधी पक्षनेत्या. सत्ता गेली की भलेभले कुंपणावर जाऊन बसतात. ही बाई समोरच्या बाकावर बसून सरकारला जाब विचारत होती.

त्या काळी काँग्रेसचं तिकीट म्हणजे अर्धी निवडणूक, मान्य. पण उरलेली अर्धी? ती माझ्या आजीसारख्या, सही न येणाऱ्या बायांनी जिंकून दिली, दिल्लीने नाही. पुढे त्यांनी काढलेल्या महिला सहकारी बँकेवरून आरोप झाले, राष्ट्रपती असताना विदेश दौऱ्यांवर टीका झाली. ते प्रश्न विचाराच. पण भाऊ-दादा पाच वेळा निवडून आला की 'मातीतला नेता' आणि बाई आली की 'मर्जी', हे मी ऐकून घेणार नाही.

लिहिता लिहिता राग जरा निवला. त्या गृहस्थांचा तरी काय दोष? आपण पोरांना २००७ची एक ओळ पाठ करायला लावतो, 'पहिल्या महिला राष्ट्रपती'. नाडगावात जन्मलेली ही मुलगी त्याआधी २३ वर्षं आमदार होती, हे कोण सांगतं? आजीला त्या दिवशी भीती वाटली होती का, हे विचारायचं माझं राहूनच गेलं.

तुमच्या घरात कुणी ६२ला मत दिलेलं असेल, जळगावचं असो की एडलाबादकडचं, तर आजच विचारा आणि खाली लिहा. कुणाच्या सांगण्यावरून दिलं, की स्वतःच्या मनाने, तेही लिहा.