सुट्या दाण्यांचा बॅच नंबर कोण सांगणार?

कुत्र्याच्या खाद्याच्या पिशवीवरच्या घटकांच्या यादीत पहिले नाव चिकनचे असेल तर ते खाद्य चांगलेच असते, असे सतीशने ठामपणे सांगितले आणि रविवारी सकाळी कोथरूडच्या आमच्या कट्ट्यावर, वेताळ टेकडीवरून कुत्री फिरवून परतलेल्या मंडळींमध्ये, बराच वेळ चाललेल्या एका वादाला तोंड फुटले. सतीशचा लॅब्रॅडॉर अजून वर्षाचाही झालेला नाही. त्याच्यासाठी घेतलेल्या नव्या पिशवीवर ‘ग्रेन फ्री’, म्हणजे धान्यविरहित, असे ठळक छापलेले आहे आणि तेवढ्यासाठी त्याने नेहमीच्या जवळजवळ दुप्पट पैसे मोजले आहेत. कुत्रा हा लांडग्याचा वंशज आहे, त्यामुळे मका आणि तांदूळ ही कंपन्यांनी पैसे वाचवण्यासाठी केलेली निव्वळ भरती आहे, असे त्याचे म्हणणे होते.

मेधाताईंनी पशुखाद्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम केले आहे. त्यांनी पिशवी हातात घेऊन यादी शांतपणे वाचली आणि सांगितले की घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात हे खरे, पण ते वजन शिजवण्यापूर्वीचे असते. ताज्या कोंबडीच्या मांसात सुमारे 70 टक्के पाणी असते. कोरड्या खाद्याचे दाणे तयार होताना ते उडून जाते आणि पहिल्या क्रमांकावरचे चिकन प्रत्यक्षात तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर जाऊ शकते. उलट ‘चिकन मील’ हे आधीच वाळवून दळलेले असते, म्हणून यादीत त्याचे नाव खाली दिसले तरी त्यातून मिळणारी प्रथिने अधिक असू शकतात. शिवाय एकाच वाटाण्याचे पीठ, प्रथिने आणि तंतू असे तीन घटक करून ते वेगवेगळे लिहिले, की वाटाणा यादीत आपोआप खाली सरकतो. सतीशच्या पिशवीवर नेमके तसेच होते.

लांडग्याचा मुद्दाही टिकला नाही. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात, हे 2013 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले आहे. माणसाच्या सोबतीने राहता राहता कुत्रा शिजवलेले धान्य पचवायला शिकला. धान्य काढले म्हणजे पिष्ट गेले असेही होत नाही, कारण त्याची जागा बटाटा, वाटाणा आणि मसूर घेतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै 2018 मध्ये अशा खाद्यांचा आणि कुत्र्यांच्या एका हृदयविकाराचा, ज्यात हृदयाचा स्नायू दुबळा होऊन कप्पे फुगतात, संबंध तपासायला घेतला. 2019 पर्यंत त्यांच्याकडे पाचशेहून अधिक कुत्र्यांच्या तक्रारी आल्या होत्या आणि त्यांतल्या 90 टक्क्यांहून अधिक खाद्यांत धान्य नव्हते. कार्यकारण मात्र सिद्ध झाले नाही, आणि डिसेंबर 2022 मध्ये नवी ठोस माहिती मिळेपर्यंत याविषयी नियमित निवेदने देणार नसल्याचे त्या प्रशासनाने जाहीर केले. माझे मत असे, की धोका सिद्ध झाला नसला तरी ज्या गोष्टीचा फायदाही सिद्ध झालेला नाही, तिच्यासाठी दुप्पट पैसे देण्याचे कारण नाही.

“म्हणूनच मी सांगतो, घरचे घाला,” असे नानांनी मध्येच बजावले. त्यांच्या वाड्यात कुत्री दूध-भाकरीवर वाढली आणि म्हातारी होऊन गेली. नानांच्या शब्दाला कट्ट्यावर मान आहे, पण मेधाताईंनी येथे माघार घेतली नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी घरगुती श्वानाहाराच्या 200 पाककृती तपासून 2013 मध्ये निष्कर्ष छापले, तेव्हा त्यांतल्या 95 टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक पोषकद्रव्य कमी आढळले. “नाना, भाकरी वाईट नाही, पण वाढत्या पिल्लाच्या हाडांना कॅल्शियम आणि फॉस्फरस ठरावीक प्रमाणात लागतात. नुसते चिकन आणि भात घातला तरी ते प्रमाण बिघडते. घरचेच घालायचे असेल तर पशुवैद्याकडून आहार आखून घ्या.” नानांना हे पटले नाही, आणि पटल्याचे त्यांनी दाखवलेही नाही.

मग मेधाताईंनी सतीशला पिशवीच्या मागच्या बाजूची एक बारीक ओळ शोधायला लावली. हे खाद्य कोणत्या वयासाठी परिपूर्ण आहे हे त्या ओळीत लिहिलेले असते आणि बहुतेक जण ती वाचतच नाहीत. ‘आफ्को’ या अमेरिकी संघटनेच्या प्रमाणांनुसार, ओलावा वगळून मोजल्यास, प्रौढ कुत्र्याच्या खाद्यात किमान 18 टक्के आणि पिल्लाच्या खाद्यात किमान 22.5 टक्के प्रथिने हवीत. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी कॅल्शियमची कमाल मर्यादाही 1.8 टक्के इतकी कडक आहे. ही संघटना स्वतः कोणतेही खाद्य तपासत नाही किंवा प्रमाणित करत नाही, त्यामुळे तिचे नाव छापलेले दिसले म्हणून कोणी तपासणी केली असे समजू नये. आकडे वाचताना ओलावा वजा करणेही आवश्यक आहे. ओल्या खाद्याच्या पाकिटावर 8 टक्के प्रथिने आणि 80 टक्के ओलावा लिहिलेला असेल, तर कोरड्या भागात ती 40 टक्के ठरतात. 24 टक्के प्रथिने आणि 10 टक्के ओलावा असलेल्या दाण्यांत मात्र ती 27 टक्क्यांच्या आतच राहतात.

येथवर वाद पोषणाचा होता. सुरक्षिततेचा प्रश्न वेगळा आहे, कारण यादी अचूक वाचता आली तरी तिच्यातून विष दिसत नाही. मार्च 2007 मध्ये कॅनडाच्या मेनू फूड्स या कंपनीला कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचे सहा कोटींहून अधिक डबे आणि पाकिटे परत मागवावी लागली. यादीत ‘गव्हाचे ग्लूटेन’ असे लिहिलेले होते, आणि आपण तेच विकत घेतले आहे असा कंपनीचाही समज होता. चीनमधून आलेल्या त्या मालात मेलामाइन हे प्लॅस्टिक बनवण्यासाठी वापरले जाणारे रसायन मिसळलेले होते. प्रथिनांची नेहमीची चाचणी प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते आणि त्याला 6.25 ने गुणते. मेलामाइनचे दोन तृतीयांश वजन नायट्रोजनचेच असल्याने एक ग्रॅम मेलामाइन चाचणीत चार ग्रॅमहून अधिक प्रथिने असल्याचे भासवते. सायन्युरिक आम्लाबरोबर त्याचे स्फटिक बनून प्राण्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. मेधाताई हे सांगत असताना त्यांचा आवाज कापत होता, कारण ज्या चाचणीवर त्यांनी आयुष्यभर काम केले, तिलाच तेथे फसवले गेले होते. महागडे नाव असले तरी हमी मिळत नाही: 2019 मध्ये हिल्स या अमेरिकी कंपनीच्या डबाबंद खाद्यात पुरवठादाराच्या चुकीमुळे ड जीवनसत्त्व धोकादायक प्रमाणात गेले आणि तो माल परत मागवावा लागला.

आपल्याकडे मला सर्वांत जास्त भीती वाटते ती बुरशीची. मक्यावर आणि शेंगदाण्यावर वाढणारी अस्परजिलस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते, आणि दाणे शिजवताना लागणाऱ्या उष्णतेने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. अमेरिकेत पाळीव प्राण्यांच्या खाद्यात त्याची मर्यादा किलोला 20 मायक्रोग्रॅम आहे. ती ओलांडलेल्या एका खाद्यामुळे 2020 च्या अखेरीस तेथे अनेक कुत्री दगावली. 1974 मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे मरण पावली आणि त्याच घरांतली कुत्रीही कावीळ होऊन मेली. माणूस रोज वेगवेगळे खातो, कुत्रा महिनोन्‌महिने एकच पिशवी खातो, म्हणून थोडे विषही त्याच्या यकृतात रोज भर घालत राहते. भूक जाणे, उलट्या, हिरड्या आणि डोळे पिवळे पडणे ही लक्षणे दिसली तर घरगुती उपाय करत बसू नये.

तेव्हा रोहनने आपली अडचण सांगितली. तो रोज रात्री वस्तीतल्या भटक्या कुत्र्यांना खायला घालतो आणि त्यासाठी दुकानातून सुटे दाणे किलोवर आणतो. मोठे पोते फोडून साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरलेले ते दाणे स्वस्त पडतात. मेधाताईंनी त्याला दोष दिला नाही, आणि तो द्यावा असे मलाही वाटत नाही. पण सुट्या दाण्यांवर ना बॅच नंबर असतो, ना उत्पादनाची तारीख, ना बनवणाऱ्याचे नाव. आवेष्टित मालावर नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना आणि ग्राहक-तक्रारीसाठी संपर्क छापणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि पोते फोडले की हे सगळे संरक्षण त्याच क्षणी संपते. पुण्याच्या पावसाळ्यात उघड्या पोत्यात ओल शिरते, चरबी खवट होते, आणि कंपनीने उद्या एखादी बॅच परत मागवली तरी आपण घातलेले दाणे त्यातले होते का, हे रोहनला कधीही कळणार नाही. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यातल्या अन्नाच्या व्याख्येतून पशुखाद्य स्पष्टपणे वगळलेले आहे, म्हणून हा कागदाचा पुरावा आपण स्वतःच जपायला हवा.

परिसरात खाऊ घालणारे आणखी दोघे आहेत. तिघांनी मिळून सीलबंद पोते घ्यायचे, दाणे मूळ पोत्यातच ठेवून ते पोते झाकणाच्या पिंपात उभे करायचे, पोते संपले तरी बॅच नंबरचा फोटो ठेवायचा, एवढे तेथेच ठरले. हिशेब केल्यावर सुट्याच्या तुलनेत फरकही फार राहिला नाही.

सतीशने मेधाताईंनी सांगितलेले तीन प्रश्न त्याच्या पिशवीच्या कंपनीला त्याच दिवशी लिहून पाठवले: आहार आखणारा पोषणतज्ज्ञ कोण आहे, खाद्य स्वतःच्या कारखान्यात बनते की दुसऱ्याकडून करून घेतले जाते, आणि मक्याची किंवा डाळीची प्रत्येक खेप अफ्लाटॉक्सिनसाठी तपासली जाते का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बुधवारी आली. तिसऱ्याला ‘आम्ही सर्वोच्च गुणवत्ता पाळतो’ असे उत्तर मिळाले, म्हणून सतीशने तोच प्रश्न पुन्हा विचारला आहे आणि तपासणीच्या अहवालाची प्रत मागितली आहे.