26 आठवडे आणि नाचणीचं सत्त्व

गेल्या रविवारी आमच्या फॅमिली ग्रुपवर जे झालं ते अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय. धाकट्या भावाच्या बायकोनं सहज एक फोटो टाकला. बाळाचं उष्टावण होऊन आठवडा झाला, चमच्यानं खाणं सुरू, सगळं तोंड माखलेलं, आणि मागे ओट्यावर दादरहून आणलेलं नाचणी सत्त्वाचं पाकीट. गिरगावच्या आत्यानं ते पाकीट झूम करून बघितलं असणार, कारण दोन मिनिटांत मेसेज: "आमची पोर तिकडे लीड्सला राहून सगळं घरी करते, आणि तुम्हाला मुंबईत बसून विकतचं लागतं होय?"

ती इंग्लंडातली पोर म्हणजे मी. आणि खोटं कशाला बोलू, आधी मला बरंच वाटलं, मी हार्ट पण टाकलं. राग रात्री आला, डिशवॉशर लावताना.

तोवर आत्यानं 2024 ची ती बातमी परत फॉरवर्ड केली होती. पब्लिक आय नावाच्या स्विस संस्थेनं तपासलं होतं की एकाच कंपनीचं बाळांचं सीरियल इंग्लंड-जर्मनीत बिनसाखरेचं, आणि भारतात मात्र एका वाढणीत सरासरी 3 ग्रॅमच्या आसपास वरची साखर. बातमी खरीच आहे, मलाही संताप आला होता तेव्हा. पण आत्या, हे पाकीट त्या कंपनीचं नाही गं, कुठल्यातरी गृहउद्योगाचं आहे आणि आत नुसती नाचणी आहे! आणि इथलं सगळं सोन्याचं असंही नाही, ॲल्डी सुपरमार्केटात बाळाच्या तयार खाण्याचा पाऊच घेतला तर पुढे पालक-ब्रोकोलीचं चित्र आणि मागे बारीक अक्षरात पहिलं नाव सफरचंदाचं.

बरं, घरचं म्हणजे पौष्टिकच असंही नसतं. आत्याचं घरचं म्हणजे वरणाचं पाणी, ज्यात डाळ शोधावी लागते. NFHS-5 मध्ये, म्हणजे सरकारच्या 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या 6 ते 23 महिन्यांच्या मुलांपैकी जेमतेम 11 टक्क्यांना पुरेसा आहार मिळत होता, आणि ती काय सगळी पाकिटावर वाढलेली नाहीत. घुटीत मध नको, वर्षाच्या आत बोट्युलिझमचा, म्हणजे एका गंभीर विषबाधेचा, धोका असतो, हे मी माझ्या वेळी ग्रुपवर लिहिलं होतं (हेल्थ व्हिजिटरनं, म्हणजे इथे बाळ बघायला घरी येणाऱ्या नर्सनं सांगितलेलं, मी जरा जास्तच टेचात लिहिलं), त्यावर आत्याचं उत्तर, "तुम्हा सगळ्यांना मधावरच वाढवलंय, मेलात का?" यावर काय बोलणार.

पण मला खरं झोंबलं ते वेगळंच. भारतात 2017 पासून बाळंतपणाची रजा 26 आठवडे, तीही 10 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी. म्हणजे हिशोब बघा, सहा महिने. आणि वरचं खाणं सुरू करायचं कधी, तर सहा महिन्यांनी! भावजयीचे त्यातले तीन आठवडे बाळंतपणाआधीच गेले, म्हणजे बाळानं पहिला चमचा तोंडात घ्यायच्या आधी ही मुलुंडहून लोकल धरून, कुर्ल्याला उतरून, शेअर रिक्षानं बीकेसीतल्या ऑफिसात हजर. 50 किंवा जास्त माणसं असली तर पाळणाघर हवं असं कायदा म्हणतो, तिच्या ऑफिसात त्या खोलीत जुने प्रिंटर आहेत. ती रात्री आठला घरी येणार आणि मग घरच्या सत्त्वासाठी नाचणीला मोड काढत बसणार का?

मला इथे 52 आठवडे होते. 39 पगारी, तेही सहा आठवड्यांनंतर नावापुरते, आणि शेवटचे 13 बिनपगारी, ते मात्र मी ग्रुपवर कधी लिहिलं नाही. फोटो टाकले.

आणि आता फोटोंचंच सांगते. मी खरंच एकदा नाचणी भिजवली होती. रात्रभर भिजवून, मलमलच्या फडक्यात घट्ट बांधून एअरिंग कबर्डमध्ये (गरम पाण्याच्या टाकीजवळचं उबदार कपाट) ठेवली, मोड छान आले, दाण्यादाण्याला पांढरी शेपटी. मोडांनी पीठ शिजल्यावर सरसरीत राहतं, पातळ न करता जास्त पोटात जातं, हे सगळं मी वाचून ठेवलेलं. पण नोव्हेंबर होता. ऊन नाही. रेडिएटरवर टॉवेल पसरून वाळत घातली, तिसऱ्या दिवशी घरभर आंबूस वास आणि कडेला हिरवट बुरशी. सगळी फूड वेस्टमध्ये ओतली. त्यानंतर जेवढे "आज घरचं सत्त्व" फोटो टाकले ते सगळे आईच्या सत्त्वाचे. मुलुंडच्या जुन्या बिल्डिंगच्या गच्चीवर तिच्या सुती पातळावर वाळवलेलं, मंद भाजलेलं, गिरणीवाल्याला आधी गहू काढून घे बाबा असं सांगून दळलेलं, वस्त्रगाळ केलेलं, आणि पिशवीवर बाबांच्या अक्षरात स्केचपेननं "नाचणी – बाळ". आणि गाडीत, चाइल्डमाइंडरकडे (मुलं सांभाळणाऱ्या बाईकडे), कंटाळा आला की पाऊच. त्यांचे फोटो नाहीत.

आता ती बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. भाड्याच्या फ्लॅटमध्ये गच्चीला कुलूप, आणि आईचे गुडघे तसेही आता जिने चढू देत नाहीत. म्हणजे ज्या आईच्या हातचं मी लीड्सला बसून खाऊ घातलं आणि नाव कमावलं, त्याच आईच्या घरात तिच्या नातवाला पाकीट, आणि बोलणी खायला भावजय.

हे सगळं मी तिला परवा फोनवर सांगितलं. ती जाम हसली. म्हणाली, "ताई, मी तर एअरिंग कबर्ड म्हणजे काय ते सर्च करून ठेवलं होतं." मग म्हणाली, "ते राहू दे, सत्त्व किती दिवस टिकतं गं? अर्ध्या किलोचं आणू की एक किलोचं?"

मला माहीतच नव्हतं. म्हटलं, थांब, आईला विचार.