उभ्याचं पुस्तक, बसल्याचं पुस्तक

'वाचायला वेळच मिळत नाही' हे ठाण्यात कुणी कुणाला पटवून द्यावं लागत नाही. घोडबंदर रोडला राहणाऱ्याने तर तोंडही उघडू नये, ते चेहऱ्यावर दिसतंच. मग कुणीतरी भला माणूस सांगतो, 'अहो, ऑडिओबुक ऐका की! ई-रीडर घ्या की!' जणू आमची अडचण पुस्तकाच्या वजनाची होती. आमची अडचण हातांची आहे. पुस्तकाला एक हात लागतो आणि सकाळी 8.40 ला ठाण्याहून जलद लोकल पकडणाऱ्याचे दोन्ही हात आधीच कामात असतात. एक कडीला, दुसरा पोटाशी धरलेल्या बॅगेला.

म्हणून पहिला नियम साधा आहे. उभ्याचं पुस्तक कानाने, बसल्याचं डोळ्याने.

आता उभ्याचा हिशेब पाहा. जलद गाडीला सीएसएमटीपर्यंत धरा पाऊण तास. त्यातली पहिली पंधरा मिनिटं, म्हणजे मेट्रोवाले घाटकोपरला उतरेपर्यंत, खिशातला मोबाईल आपला की शेजाऱ्याचा याचीच खात्री नसते. ऐकायचं ते फलाटावरच सुरू करून मोबाईल आतल्या खिशात टाकावा. मधे हात घालून 'पॉज' दाबायला गेलात तर भलत्याच खिशात हात जाण्याची शक्यता असते आणि त्याचा खुलासा करायला पुढच्या स्टेशनपर्यंतचाही वेळ मिळत नाही.

पुस्तक आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवून ठेवावं. दहा तासांचं पुस्तक मध्यम दर्जाला साधारण 300 एमबी भरतं. गाडीत नेटवर्कच्या भरवशावर राहिलं की नायकाने पत्र उघडलेलं असतं आणि पुढे नुसतं गोल गोल फिरणारं चक्र. कल्याणकडून जलद गाडीने येणाऱ्यांना तर 2022 पर्यंत 1916 सालचा पारसिक बोगदाही होता. सव्वा किलोमीटरहून लांब, आणि रहस्यकथेसाठी अगदी मोक्याच्या जागी.

इअरफोन एकाच कानात. आवाज गिळून टाकणारे महागडे इअरबड ऑफिसात वापरा. गाडीत 'पुढील स्टेशन' ऐकू आलं पाहिजे, मागच्याचं 'दादर उतरणार का?' त्याहून जास्त ऐकू आलं पाहिजे. त्याला उत्तर दिलं नाही तर दादरला तुम्हीही उतरता. वायरवाला इअरफोन दिसायला जुनाट, पण कानातून निसटला तर गळ्यात लोंबतो. बिनवायरचा निसटला तर रुळांवर जातो आणि उरलेला एक तुम्ही आशेने दोन वर्षं जपून ठेवता.

वेगाचं म्हणाल तर दहा तासांचं पुस्तक 1.25 पटीने आठ तासांत होतं आणि दीडपटीने सहा तास चाळीस मिनिटांत. माहितीपर पुस्तकाला दीडपट चालते. कथा-कादंबरीला सव्वाच्या वर जाऊ नये, कारण मराठी विनोद अर्धा थांबण्यात असतो आणि यंत्र आधी तेच थांबे खाऊन टाकतं.

माणसाने वाचलेलं पुस्तक आणि मोबाईलने स्वतःच वाचून दाखवलेलं पुस्तक यांत मात्र गल्लत नको. मोबाईलचा आवाज हिंदीवर लावलेला राहिला तर त्याला 'ळ' म्हणता येत नाही. मग नायिकेचे 'डोले' पाण्याने भरतात आणि पाळण्यातला 'बाल' रडायला लागतो. सेटिंगमध्ये जाऊन मराठी आवाज वेगळा उतरवून घ्यावा. 'चमचा' तरीही संशयास्पद येतो, पण रडू तरी योग्य जागी येतं.

स्वयंपाकघर ही ऐकण्याची दुसरी उत्तम जागा. कुकर चालतो, शिट्टीपुरता संवाद बुडतो. मिक्सर चालत नाही. दोन मिनिटांची चटणी म्हणजे तीस सेकंद मागे नेणारं बटण चार वेळा, तेही ओल्या बोटाने. चटणी आधी वाटा, प्रकरण मग लावा. झोपताना पंधरा मिनिटांचा टायमर लावावा, 'प्रकरण संपेपर्यंत' हा पर्याय निवडू नये. लेखकाने प्रकरण चाळीस मिनिटांचं केलेलं असतं. तुम्ही पाचव्या मिनिटाला घोरता आणि सकाळी पुस्तकातला एक माणूस मेलेला असतो. कसा, ते कळत नाही.

बसल्याचं पुस्तक म्हणजे ई-रीडर, आणि त्यासाठी आधी बसायला हवं. इथे माझं मत ठाम आहे. वाचणाऱ्याने जलद गाडीचा मोह सोडून ठाण्याहूनच सुटणारी धीमी लोकल धरावी. पंधरा-वीस मिनिटं जास्त जातात, पण तासभर बूड टेकतं. तिघांच्या बाकावर सरकवून मिळवलेली चौथी सीट वाचनासाठी धरू नये. त्यावर माणूस बसलेला दिसतो एवढंच.

ई-रीडरचा पडदा मोबाईलसारखा डोळ्यात उजेड मारत नाही. सूक्ष्म कुप्यांमधले काळे-पांढरे कण वीज देऊन वरखाली होतात आणि मग जागच्या जागी राहतात. वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना, म्हणून रोज अर्धा तास वाचलं तर चार्जिंग आठवडे पुरतं. खिडकीतलं ऊन पडलं तर अक्षर उलट जास्त ठसठशीत. पण आतल्या पडद्याला बहुधा काच असते. बॅगेत डब्याला टेकवून ठेवला आणि कुर्ल्याला गर्दीने दाबला, तर वरून ओरखडा नाही आणि आत आडव्या-उभ्या रेघा. कडक कव्हर हवं, आणि जागा पाठीकडच्या कप्प्यात. डबा पुढे.

खरी रड मराठी फायलींची. सहा इंची पडद्यावर स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे औषधाच्या बाटलीवरची सूचना. यंत्र आडवं धरा, समास कापा, अर्धं अर्धं पान वाचा. एपबमध्ये, म्हणजे पडद्याप्रमाणे ओळी जुळवून घेणाऱ्या ई-पुस्तकाच्या फाईलमध्ये, रूपांतर करण्याआधी पीडीएफमधला एक शब्द उचलून शोधपट्टीत चिकटवून पाहा. मराठी उमटलं तर युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरं. रोमन अक्षरांचा चिवडा उमटला तर फाईल जुन्या फॉन्टमधली आहे, नुसत्या रूपांतराने ती सुधारणार नाही. त्यापेक्षा विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या भावंड असलेल्या मोफत ग्रंथालयावर, जावं. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं उलटून हक्कमुक्त झालेली पुस्तकं तिथून एपबमध्ये उतरवता येतात. वाचताना ओळी डावीकडे जुळवाव्यात. दोन्ही कडा सारख्या केल्या की आपल्या लांबलचक शब्दांमुळे मधे अशी भगदाडं पडतात की तिथे आणखी एक प्रवासी बसेल. आणि शब्दावर बोट दाबून अर्थ शोधणार असाल तर शब्दकोशात 'घर' असतं, 'घरासमोरच्यांनासुद्धा' नसतं.

यंत्रात एकच गोष्ट नाही, ती म्हणजे परतीची तारीख. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून पुस्तकं देतंय आणि परतही मागतंय. त्या धाकाने माणूस शेवटची साठ पानं एका रात्रीत संपवतो. ई-रीडरमध्ये दोनशे पुस्तकं बारा टक्के वाचून सोडलेली सुखाने नांदतात.

अक्षराचा आकार तेवढा जपून वाढवावा. देवनागरीला वर वेलांट्या, खाली उकार, त्यामुळे ओळींत अंतर जास्त लागतं आणि पडद्यावर जेमतेम दहा ओळी मावतात. त्या दहा ओळी शेजारच्यालाही स्वच्छ दिसतात. भांडुप गेलं की तो वाचायला लागतो, विक्रोळीला गोष्टीत गुंततो, आणि तुम्ही पान उलटायला बोट उचललं की तुमच्याकडे रागाने बघतो. त्याचं अजून व्हायचं असतं.