पान स्वच्छ म्हणून हवा स्वच्छ ठरत नाही

जांभळट ठिपक्यांनी भरलेल्या पानाचा फोटो आणि खाली चार-पाच ओळी, असा एक संदेश मराठी गटांमध्ये फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात रानटी झाडांवरून जमिनीलगतच्या हवेतलं ओझोन वायूचं प्रदूषण ओळखतात. पानावर ठिपके आले की हवा विषारी, पान स्वच्छ तर हवा स्वच्छ. महागड्या यंत्रांची गरज नाही. आपल्याकडची रुई त्यातल्याच एका झाडाच्या कुळातली आहे. ती गच्चीत लावा, ती ओझोन शोषूनही घेईल.

यातलं पहिलं वाक्य खरं आहे, आणि त्याच्या आधारावर बाकीची चुकीची वाक्यं खपून जातात. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या सीमेवरच्या या उद्यानात परचेस नॉब नावाच्या ठिकाणी खास ओझोनसाठी केलेली बाग आहे. तिथे कटलीफ कोनफ्लॉवर हे सूर्यफुलाच्या कुळातलं उंच झुडूप आहे, टॉल मिल्कवीड हे रुईच्या कुळातलं रानझाड आहे. शाळेतली मुलंसुद्धा तिथे पानं तपासतात आणि पानाच्या किती टक्के भागावर ठिपके आलेत ते टिपून ठेवतात. हे काम मोलाचं आहे, म्हणूनच त्याचा असा विपर्यास झालेला पाहवत नाही.

आता एकेक मुद्दा.

‘ठिपके म्हणजे ओझोन.’ पानावर ठिपके पडायला कारणं पुष्कळ. तुडतुडे, कोळी कीड, बुरशी, अन्नद्रव्यांची कमतरता. ओझोनच्या ठिपक्यांची ठेवण मात्र वेगळी असते. ते बारीक असतात आणि पानाच्या वरच्या बाजूलाच येतात, कारण ओझोनमुळे वरच्या बाजूच्या उभ्या पेशींचा थर आधी मरतो. शिरा सोडून मधल्या भागात ते उमटतात. जुन्या पानांवर जास्त, कोवळ्या पानांवर कमी, कारण जुनं पान अधिक दिवस हवेला सामोरं गेलेलं असतं. एका पानाची सावली दुसऱ्यावर पडत असेल, तर झाकलेला भाग बराचसा वाचतो. डाग पानाच्या आरपार गेला असेल, शिरा ओलांडून पसरला असेल किंवा भिंगाखाली पानाच्या मागे किडे दिसत असतील, तर कारण दुसरीकडे शोधायचं. नुसत्या फोटोवरून निदान करायचं नाही. पान उलटून पाहावंच लागतं.

‘पान स्वच्छ तर हवा स्वच्छ.’ संदेशातलं सर्वांत घातक वाक्य हेच. ओझोन पानात शिरतो तो पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांतून. पाऊस चांगला झाला, मातीत ओल असली की रंध्रं उघडी राहतात आणि ओझोन आत जातो. दुष्काळी उन्हाळ्यात झाड पाणी वाचवण्यासाठी रंध्रं मिटून घेतं. नेमक्या अशाच कोरड्या, कडक उन्हाच्या दिवसांत हवेत ओझोन भरपूर तयार होतो, कारण गाड्या आणि वीजकेंद्रांतून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइड्स आणि बाष्पनशील (सहज हवेत उडून जाणारी) सेंद्रिय संयुगं यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊनच तो बनतो. म्हणजे हवा सर्वांत वाईट असताना पान निर्मळ दिसू शकतं आणि त्या मानानं बऱ्या, पण ओल्या वर्षात ठिपके जास्त दिसू शकतात. हवेत किती ओझोन आहे हे पान सांगत नाही. त्याच्या आत किती गेला आणि तो त्याला किती सोसला, एवढंच ते सांगतं. युरोपातले संशोधक पिकांचं आणि जंगलांचं नुकसान मोजताना नुसत्या हवेतल्या प्रमाणाऐवजी पानात शिरलेल्या ओझोनचा हिशेब धरू लागले, ते याच कारणानं.

त्यात झाडाझाडांतला फरक आहेच. उद्यानातल्या सर्वांत उंच शिखरावर, कुवोहीवर (२०२४ पर्यंत त्याचं अधिकृत नाव क्लिंगमन्स डोम होतं), कोनफ्लॉवरची दोन झाडं शेजारी शेजारी उभी असतात. एकाची पानं जांभळी पडलेली, दुसऱ्याची जवळजवळ हिरवीगार. हवा तीच, जात तीच, सोसण्याची ताकद वेगळी. संदेश लिहिणाऱ्याला दुसरं झाड दिसलं असतं, तर तिथली हवा त्यानं शुद्ध ठरवली असती.

‘रुई लावा, ती त्याच कुळातली.’ टॉल मिल्कवीड आणि रुई एकाच कुळातल्या, हे बरोबर. पण कुळावरून संवेदनशीलता ठरत नाही. तंबाखूचंच उदाहरण घ्या. पानांवर पडणारे डाग ओझोनमुळे येतात हे अमेरिकेत १९५९ मध्ये दाखवलं गेलं. पुढे मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलहून आलेला ‘बेल डब्ल्यू-३’ हा तंबाखूचा वाण ओझोनचा निर्देशक म्हणून जगभर वापरला गेला. त्याच्याच जोडीचा ‘बेल बी’ तोच ओझोन बऱ्यापैकी सोसतो. एका पिकाच्या दोन वाणांत इतकं अंतर असताना, नुसत्या नात्यावरून रुईला साक्षीला उभं करता येत नाही. आधी बंदिस्त कक्षात ठरावीक ओझोन देऊन तिच्या पानांवर नेमकं काय उमटतं ते पाहावं लागेल.

महाराष्ट्रात आणखी एक अडचण आहे, आणि ती मला मोठी वाटते. स्मोकीजमध्ये ओझोनचा हंगाम आणि रानफुलांचा बहर उन्हाळ्यात एकत्र येतात. आपल्याकडे पावसाळ्यात, म्हणजे सह्याद्रीतली रानटी झुडपं ऐन भरात असताना, ढग आणि समुद्रावरून येणारी हवा यांमुळे ओझोन कमी असतो. तो वाढतो हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, तेव्हा त्यातली बरीचशी वाळून गेलेली असतात. तिथली पद्धत इथे जशीच्या तशी उचलली, तर साक्षीदारच गैरहजर.

‘ती ओझोन शोषून घेईल.’ पान थोडा ओझोन आत घेतं हे खरं, पण तोच त्याला जाळतो. गच्चीतल्या चार कुंड्यांनी गल्लीतल्या हवेत काहीही फरक पडत नाही.

‘यंत्रांची गरज नाही.’ परचेस नॉबला ओझोन मोजणारं यंत्रही आहे. तासागणिक आकडा यंत्रच देतं, आणि माणसांच्या आरोग्यासाठीची मर्यादा आकड्यावर ठरते. भारतात ती आठ तासांच्या सरासरीसाठी घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे. झाडांचं काम वेगळं. यंत्र पोचत नाही अशा जंगलात ओझोननं सजीवांवर खरोखर परिणाम केला का, हे ती दाखवतात. जंगल म्हणजे शुद्ध हवा हा समज त्यांनीच खोडून काढला. ओझोन वाऱ्यानं शेकडो किलोमीटर जातो. दरीत रात्री तो जमिनीवर आणि पानांवर जिरतो; उंच कड्यांवर मात्र तो रात्रीही फारसा कमी होत नाही. म्हणून शहरापासून दूर, दोन हजार मीटरवरच्या झाडाचीही पानं जांभळी पडतात.

यंत्रं नकोत असं म्हणणं आपल्याला कुठे नेईल, ते शेताकडे पाहून कळतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये इतर संशोधकांसह एक अंदाज प्रसिद्ध केला: ओझोनमुळे देशात वर्षाला सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ कमी पिकतो. जवळपास ९.४ कोटी गरिबांना पुरेल इतकं हे धान्य आहे. गव्हाच्या पानावर एकही ठिपका नसताना दाणा हलका भरू शकतो. शेतकऱ्याला ते डोळ्यांनी दिसणार नाही. हवेतला ओझोन मोजला, तरच त्याचा हिशेब लागतो. आणि आपली सततची मापनकेंद्रं आज बहुतांशी शहरांत आहेत. ती गव्हाच्या पट्ट्यात हवीत, रब्बीच्या हंगामात चालू हवीत, आणि त्यांचे आकडे त्या भागातल्या शेतकऱ्याला वाचता यायला हवेत.