आत्याच्या सातबाऱ्यावर जागतिक बँक

गेल्या रविवारी कराडला आत्याकडे गेलो, तर नातवाच्या हातात मोबाइल आणि आत्याच्या तोंडावर पदर. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड काढायचं, तर ॲपला चेहरा दाखवावा लागतो आणि ती दाखवेना. वय 74, डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितलेली. "माझ्यामागं पोरांवर बोजा नको," एवढंच धरून बसलेली. बोजा कसला, विचारल्यावर भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला मेसेज पुढे केला.

मेसेजचं सार असं: गरीब देशांतल्या सरकारी आरोग्य विमा योजना जागतिक बँकेचे सल्लागार लिहून देतात. थायलंडने त्यांचं ऐकलं आणि कंगाल झाला. कार्डावर झालेला खर्च माणूस गेल्यावर वारसांच्या सातबाऱ्यावर चढतो. आणि योजनेत नुसता घोटाळा आहे.

सातबाऱ्याचंच आधी घेतो, कारण ज्याने कोणी हे लिहिलं त्याला कुठे टोचायचं ते नेमकं कळलेलं आहे. आत्याचं अर्धं आयुष्य सोसायटीचं पीककर्ज फेडण्यात गेलं. अरे बाबा, इतर हक्कात बोजा चढायला आधी कर्ज लागतं. कर्जाला सही लागते, मग फेरफार, मग नोटीस. इथे रुग्ण कर्ज घेतच नाही. प्रत्येक उपचाराचा दर ठरलेला असतो आणि तेवढे पैसे योजना थेट रुग्णालयाला देते. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांची मर्यादा आहे. त्यावर खर्च गेला तर तो आपला, हे खरं. पण आतली रक्कम कोणी परत मागत नाही, ना जिवंतपणी, ना मेल्यावर. 29 ऑक्टोबर 2024 पासून तर सत्तर पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अटही नाही.

आता थायलंड. हे वाचून मी खरोखर हसलो. 2001 मध्ये त्यांनी 30 बाटची (बाट म्हणजे तिथलं चलन) योजना सुरू केली, म्हणजे दवाखान्यात गेलं की 30 बाट द्यायचे, बाकीचं सरकार बघेल. 1997 च्या आर्थिक पडझडीला जेमतेम चार वर्षं झालेली. हे परवडायचं नाही असं म्हणणाऱ्यांत जागतिक बँकेचेच लोक होते! थायलंडने ऐकलं नाही. हे मी म्हणत नाही, बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष जिम योंग किम यांनी मे 2013 मध्ये जिनिव्हात, जागतिक आरोग्य सभेसमोर, स्वतः कबूल केलंय. योजना उभी करणारे डॉ. सांगुआन तिथलेच, थायलंडचे. हप्ता नाही, पैसा करातून. 2002 मध्ये रुग्णालयांना माणशी वर्षाला 1,202 बाट असा हिशेब होता. डायलिसिस सुरुवातीला बसवलंच नव्हतं, ते 2008 मध्ये घेतलं. अंथरूण पाहून पाय पसरले, म्हणून योजना आजही चालू आहे.

सल्लागार नसतातच असं मात्र नाही, तेवढं मान्य. थायलंडच्या आकडेमोडीत आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची मदत होती. आपल्याकडे 2008 ची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना, ती 30 हजारांच्या स्मार्ट कार्डाची, तिला जर्मन सरकारच्या संस्थेने तांत्रिक सल्ला दिला होता. पण हिशेब तपासून देणारा माणूस घराचा मालक होत नाही.

राहता राहिला घोटाळा. इथे मला जरा गप्प बसावं लागतं. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या 2023 च्या अहवालात 7.49 लाख लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच मोबाइल नंबर सापडला: दहा वेळा 9. लाज वाटावी असंच आहे. पण रेशन दुकानात काटा मारतात म्हणून आपण रेशनकार्ड फाडून टाकतो का?

आत्याला यातलं थायलंड-बिलंड काही पटलं नाही. शेजारच्या तात्यांची गेल्या वर्षी योजनेतून बायपास झाली होती. त्यांच्या मुलाला बोलावलं, त्याने मोबाइलवर सातबारा उघडला. आत्याने चष्मा लावून इतर हक्काचा रकाना दोनदा वाचला. सोसायटीचं कर्ज, बाकी काही नाही.

"एवढंच?" म्हणाली, आणि पदर खाली घेतला.