पाय लावायचा नाही!

दांडिया बाजारातल्या आमच्या घरात पितळी कड्यांचा झोपाळा आहे. (बडोद्यात राहून घरात झोपाळा नसला, तर लोक भाडेकरू समजतात.) परवा आठवीतल्या नातीने विचारलं, "आजी, तू एकटी बसलीस काय नि आजोबा शेजारी बसले काय, झोका तेवढ्याच वेळात कसा परत येतो?"

मी बी.कॉम. "येत असेल गं" म्हणून सुटले असते, पण तोंडून गेलं, "फोनवर बघून सांगते."

'झोका' टाकलं तर आधी गाद्या विकायला आल्या, मग मंगळागौरीची गाणी. 'दोलक' हा झोक्याचा शास्त्रातला शब्द सुचेपर्यंत रात्रीचे अकरा. एका समूहात विचारलं, तर "हा गृहपाठ आहे" म्हणून प्रश्नाला कुलूप. बासष्टाव्या वर्षी गृहपाठ! दुसऱ्या समूहात भौतिकशास्त्राच्या नावाखाली 'क्वांटम ऊर्जेने गुडघेदुखीवर उपाय'. तिथे मी चार दिवस थांबले, ते सोडा.

मग एनपीटीईएल या फुकट तासांच्या संकेतस्थळावर आयआयटीतल्या सरांचा तास लावला. पाचव्या मिनिटाला फळ्यावर उलटा त्रिकोण आला, मी दूध बघायला उठले. अमेरिकेतल्या एमआयटीच्या तासाला मात्र हलले नाही. छताला दोर, खाली गोळा, आणि त्या गोळ्यावर चक्क प्राध्यापक लोंबकळलेले! गोळा एकटा असो की सरांसकट, दहा झोक्यांना 45-46 सेकंदच. वजन वाढलं की पृथ्वी ओढते जास्त, पण हलवायलाही ते तेवढंच जड, फिटंफाट. झोक्याचा काळ ठरतो दोराच्या लांबीवर नि गुरुत्वाकर्षणावर. सूत्रात वजन नाहीच. इतकी वर्षं कुठे होतं हे सूत्र?

कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट'वर, म्हणजे पडद्यावर प्रयोग करायच्या संकेतस्थळावर, तर दोलक गुरू ग्रहावरही नेता येतो. फक्त त्याचं वजन दीड किलोपुढे सरकेना, म्हणून आम्ही घरीच प्रयोग मांडला. साखळी साडेसात फूट, म्हणजे झोका तीन सेकंदांचा. मी एकटी बसले: दहा झोके, तीस सेकंद. ह्यांना शेजारी बसवलं, तर बावीसच!

"आजोबा, पाय लावायचा नाही!" नात ओरडली.

चाळीस वर्षांची सवय. ह्यांचा अंगठा आपोआप फरशीला लागतो. शेवटी पायांवर पाय घेऊन बसवलं. सातव्या झोक्याला हे घोरू लागले, दहाव्याला घड्याळात तीस.

"आता उभी राहा आजी," नात म्हणाली, "गुरुत्वमध्य, म्हणजे वजनाचा मध्यबिंदू, वर गेला की लांबी घटते नि काळ कमी होतो."

मी उठले, आणि दूध बघायला गेले.