टर्नटेबलच्या तक्रारीवर दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

रेकॉर्ड लावली की आवाज घुमतो, व्हॉल्यूम वाढवला की सुई उडते, रबरी पाय बसवूनही फरक नाही आणि दुकान मशीन बदलून देत नाही, असं तुम्ही लिहिलंय. पायांबाबत चूक आमची. घर कसं आहे हे न विचारता ते द्यायला नको होते. पैसे परत मिळतील. मशीनचं वेगळं आहे. घर सोलापूरच्या पूर्व भागात, पहिल्या मजल्यावर, खाली टॉवेलचे माग; शिवाय स्पीकर आणि टर्नटेबल एकाच शोकेसवर, हे तुमच्याच रिव्ह्यूत आहे.

मोटर बंद ठेवून थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा, व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. घुमायला लागलं की स्पीकर बंद करून हेडफोन लावा. घुमणं गेलं तर स्पीकरचाच हादरा शोकेसमधून सुईपर्यंत परत येतोय. ठकठक राहिली तर ती मागांची. सुई उचलूनही गुणगुण चालूच असेल तर बहुधा अर्थिंगची वायर ढिली आहे. माग बंद असताना, मोटर चालू केल्यावरच हेडफोनमध्ये घरघर आली, तर मात्र दोष मशीनचा. मग बदलून देऊ.

रबर का चाललं नाही? टोनआर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिज (सुई बसवलेली डबी) मिळून साधारण 8 ते 12 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 8 ते 12 वेळा, आपोआप डोलतात. माग मिनिटाला 120 पिक (आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या खेपा) मारत असेल तर सेकंदाला 2 ठोके पडतात, पण धोट्याचा ठोका धारदार, त्यामुळे 4, 6, 8, 10 हे पटही फरशीत उतरतात, आणि 8, 10 नेमके टोनआर्मच्या डोलण्याशी जुळतात. वजनाने 1 मिमी दबणाऱ्या रबरावरचं मशीन 16 हर्ट्झच्या आसपास डोलतं. त्याखालचं ते अडवत नाही, उलट थोडं वाढवतं. आधार 1 सेमी दबला तर हा आकडा 5 वर येतो आणि 10 चा हादरा बराच कमी होतो.

म्हणून आधी स्पीकर शोकेसवरून उतरवा, वाजवताना टर्नटेबलचं झाकण काढा. मशीनसाठी वेगळं टेबल खोलीच्या कोपऱ्यात ठेवा, स्लॅब मध्यभागी जास्त हलतो. भिंतीवरचा ब्रॅकेट इथे नको, तीच भिंत खाली मागांपाशी उतरते. टेबलावर लहान मुलांच्या सायकलची 12 इंची ट्यूब, अर्धवट हवा भरून, त्यावर जाड शहाबादी फरशी, वर मशीन. पातळी स्पिरिट लेव्हलने बघा. फरशी दाबून सोडा. सेकंदाला दोनदाच डुलली तर मागाशी ताल जुळेल, थोडी हवा वाढवा.

आणि सुई उडते म्हणून हेडशेलवर (दांड्याच्या सुईकडच्या टोकावर) रुपयाचं नाणं ठेवू नका. ते 3 ग्रॅमहून जड, बहुतेक कार्ट्रिजना 2 ग्रॅमच्या आसपास भार लागतो. रेकॉर्ड खरवडून निघेल.

पाय घेऊन या, पावती नसली तरी चालेल.